पी. बाळू मार्गावरचा ‘पी.’ कोण?

आजचा भाग तंजावरहून. पण गोष्ट मात्र मुंबईतल्या एका रस्त्याची आहे. मुंबईची गोष्ट सांगायला तंजावरला कशाला आलात, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण रस्त्यांची आणि माणसांची नावं वाचायची जी रीत इथं आहे, तिच्यात दडलंय.

तंजावरात जुन्या शहराच्या चारी बाजूंना चार राजवीथी आहेत. वीथी म्हणजे रस्ता, हे संस्कृतातून आपल्यालाही कळतं. त्यांच्या आसपास फिरताना मराठी माणूस मधेच थबकतो, कारण एका पाटीवर तमिळ अक्षरांत ‘मनोजीअप्पा वीथी’ असं लिहिलेलं असतं. हे ‘जी’ ओळखीचं वाटतं. अठराव्या शतकात तंजावरच्या प्रतापसिंह भोसले राजाचा मानोजी नावाचा सेनापती होता. 1752 साली त्रिचनापल्लीच्या लढाईत हरलेला चंदासाहेब याच मानोजीच्या स्वाधीन झाला आणि पुढं मारला गेला. इंग्रज-फ्रेंचांच्या कर्नाटकातल्या लढायांचा इतिहास वाचताना हा माणूस वाटेत भेटतोच. तरी त्या वीथीतून रोज दुधाची पिशवी घेऊन जाणाऱ्या माणसाला मानोजी कोण, असं विचारून बघा. बहुतेक वेळा तो पत्ता सांगेल, माणूस नाही सांगणार.

यात त्या माणसाचा दोष नाही. पाटीचं काम पत्ता सांगण्याचं. आपण मात्र तिच्यावर सन्मानाचंही ओझं टाकतो. शहराला एखाद्याचा सन्मान करायचा असला की आपण म्हणतो, त्याचं नाव रस्त्याला द्या. हा सन्मान कितपत पोचतो, हाच आजचा विषय. आणि त्यासाठी मी निवडलाय एक खेळाडू.

आधी आणखी एका तंजावरी मराठी माणसाचं उदाहरण देतो. सर टी. माधवराव. जन्म 1828, कुंभकोणमचा. त्रावणकोरचे दिवाण झाले, मग इंदूरचे, मग बडोद्याचे. बडोद्यात सयाजीराव गायकवाड लहान असताना राज्यकारभार त्यांच्याच हातात होता. तिरुवनंतपुरममध्ये सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे. त्या चौकाला आज काय म्हणतात? ‘स्टॅच्यू’. बसचा कंडक्टरही तेवढंच ओरडतो, ‘स्टॅच्यू, स्टॅच्यू’. पुतळा राहिला, त्यावरून चौकाला नाव पडलं, आणि त्या नावातून नेमका माणूसच गळला!

आता त्यांच्या नावातला ‘टी.’ बघा. टी. म्हणजे तंजावर. दक्षिणेत आडनावाऐवजी गावाचं किंवा वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आधी लावायची रीत आहे, ती इथल्या मराठी घरांनीही उचलली. विसाव्या शतकात तमिळनाडूत या रीतीला आणखी एक अर्थ आला. नावामागं जात लावू नये, ही इथल्या स्वाभिमान चळवळीची शिकवण. अय्यर, मुदलियार, पिळ्ळै ही शेपटं गळत गेली आणि आद्याक्षर तेवढं उरलं. रस्त्यांच्या नावांतली जातही काढावी, हा विचार इथं जुनाच आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये राज्य सरकारनं रस्ते आणि वस्त्यांच्या नावांतून जातीचे उल्लेख काढण्याचा आदेश काढला आणि तो विषय न्यायालयातही गेला.

म्हणजे तमिळनाडूत आद्याक्षर जात झाकतं, आणि ते मुद्दाम झाकतं. आता मुंबईला चला. प्रभादेवीत, वीर सावरकर मार्गाच्या बाजूला एक रस्ता आहे, ‘पी. बाळू मार्ग’. इथल्या एखाद्या तंजावरकराला ही पाटी दाखवली तर तो म्हणेल, अरे, हा तर आमच्याकडचा माणूस दिसतो! कुणी पेरुमाळ बाळू असेल, नाहीतर पळनी बाळू.

तसं नाही. हा ‘पी.’ म्हणजे पालवणकर. पालवण हे कोकणातलं गाव. बाळू पालवणकर यांचा जन्म 1876 सालचा, धारवाडचा. वडील लष्करात नोकरीला, म्हणून जन्म कर्नाटकात. वाढले पुण्यात, नाव कमावलं मुंबईत. मराठी माणूस प्रांताप्रांतांत कसा विखुरला, ते या एका माणसाच्या पत्त्यांवरूनही कळतं. कुटुंब चांभार समाजातलं. आणि पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या काळात हिंदुस्थानातला सर्वोत्तम गोलंदाज कोण, असं विचारलं तर क्रिकेटचा इतिहास लिहिणाऱ्यांचं बोट पहिल्यांदा याच माणसाकडं जातं.

सुरुवात मात्र चेंडूनं झाली नाही, झाडूनं झाली. पुण्यात पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात मैदान झाडायचं आणि रोलर फिरवायचा, पगार महिना 3 रुपये. 1892 च्या सुमाराला पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात नोकरी लागली, पगार एक रुपयानं वाढला. तिथं नेटमध्ये सराव करणाऱ्या साहेबांना गोलंदाजी टाकायचं काम अंगावर आलं. डावखुरी, संथ फिरकी. मैदानावर ग्रेग नावाचे एक नामांकित फलंदाज होते. बाळूंनी आपल्याला बाद केलं की ते दर वेळी आठ आणे देत, अशी आठवण सांगितली जाते. हिशेब करा. आठ वेळा साहेबाची विकेट घेतली की महिन्याचा पगार वसूल!

पण एक गोष्ट लक्षात घ्या. तासन्‌तास गोलंदाजी करणाऱ्या या मुलाच्या हातात तिथं बॅट कधी दिली गेली नाही. गोलंदाजी म्हणजे मेहनत, ती नोकरानं करायची. फलंदाजी म्हणजे ऐट, ती साहेबांची.

मग पुण्यातल्या हिंदू क्लबापुढं पेच उभा राहिला. साहेबांना हरवायचं तर हा गोलंदाज हवा, पण तो अस्पृश्य. घ्यायचा की नाही? बरीच चर्चा झाली आणि घेतलं. घेतलं, पण कसं? मैदानावर तोच चेंडू सगळे हाताळत, त्याला विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. जेवण वेगळ्या ताटात, वेगळं बसून. याच्यासोबत खेळता येतं तर चहापाणी आणि जेवण का करता येत नाही, असं न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीर समारंभात खेळाडूंना सुनावल्याची नोंद आहे. त्यांचं म्हणणं साधं होतं, आणि पचायला तेवढंच अवघड.

पुढं प्लेगाच्या साथीच्या काळात बाळू मुंबईला गेले. तिथल्या हिंदू जिमखान्यातही तोच वाद आधी झाला आणि शेवटी गुणांपुढं नमावं लागलं. बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली, रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे भाऊही पाठोपाठ मैदानात आले. चार भाऊ, चारही क्रिकेटपटू. धावफलकावर नावं यायची पी. बाळू, पी. शिवराम, पी. विठ्ठल.

फेब्रुवारी 1906. मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन सामना. हिंदूंच्या धावा 242 आणि 160, युरोपियनांच्या 191 आणि 102. म्हणजे 109 धावांनी विजय. बाळूंनी दोन डावांत मिळून आठ बळी घेतले. वंगभंगाच्या चळवळीनं देश तापलेला असताना राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवलं. त्या काळच्या सुधारकी वृत्तपत्रांनी याची दखल घेतली ती वेगळ्याच अंगानं. त्यांचं म्हणणं होतं, हा विजय मिळाला कारण संघानं जातीची भिंत थोडी खाली केली. म्हणजे साहेबाला हरवण्याची वाट आपल्याच घरातला उंबरठा ओलांडून जाते.

1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघानं 23 सामने खेळले आणि बहुतेक हरले. पण 35 वर्षांच्या बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले. त्यातले 75 प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले, सरासरी 20 च्या आसपास. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 103 धावांत 8 बळी. लेस्टरशायर आणि सॉमरसेट या दोन कौंट्यांना या संघानं हरवलं आणि सॉमरसेटविरुद्ध शिवरामनं शतक केलं. आज एखादा गोलंदाज एका दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला असता, तर आपण विमानतळावर किती गर्दी केली असती? बाळू परतले तेव्हा मुंबईत दलित समाजानं त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांनाही त्यांचा मोठा अभिमान होता.

आणि कर्णधारपद? संघात सगळ्यांत अनुभवी, सगळ्यांत यशस्वी, तरी कर्णधारपद त्यांच्याकडं आलं नाही. वर्षामागून वर्षं गेली. कर्णधार एम. डी. पै यांचा 1913 मध्ये सत्कार झाला, तेव्हा त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं की हा मान माझ्यापेक्षा ज्येष्ठ आणि अनुभवी असलेल्या बाळूंना मिळायला हवा होता. जो खुर्चीवर बसलाय तोच म्हणतोय की खुर्ची दुसऱ्याची आहे. तरी निवड समितीनं ऐकलं नाही.

1920 मध्ये या अन्यायावरून शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली आणि आपली बाजू जाहीरपणे मांडली. गांधीजींमुळं तेव्हा अस्पृश्यतेचा प्रश्न देशभर बोलला जात होता. क्लबवाल्यांना लोकांना तोंड दाखवणं कठीण झालं. समेट झाला, भाऊ परत आले आणि बाळूंना उपकर्णधार केलं. एवढंच. 1923 मध्ये विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला आणि त्यानं युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. घरात कर्णधारपद आलं खरं, पण ज्याचा पहिला हक्क होता तो तोवर निवृत्त झाला होता. ही सगळी कहाणी विठ्ठलनं ‘माझे क्रीडा-जीवन’ या मराठी आत्मचरित्रात मांडून ठेवली, म्हणून बरंचसं आपल्यापर्यंत आलं.

इथं गोष्टीचा एक अवघड भाग येतो. तो गाळला तर बाळू नुसते पुतळा होतील. मैदानानंतर ते राजकारणात आले. तेव्हा दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ हवेत की संयुक्त, हा मोठा वाद होता. आंबेडकरांची मागणी स्वतंत्र मतदारसंघांची. बाळू मद्रासच्या एम. सी. राजा यांच्या बाजूनं, म्हणजे संयुक्त मतदारसंघांच्या बाजूनं उभे राहिले. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे करारावर आंबेडकरांची सही आहे, राजांची आहे आणि बाळूंचीही आहे. सह्यांच्या यादीत नाव पुन्हा तसंच, ‘पी. बाळू’.

1937 च्या निवडणुकीत काँग्रेसनं मुंबईत आंबेडकरांविरुद्ध उमेदवार दिला तो बाळूंना. आंबेडकरांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225. दोन हजारांच्या फरकानं बाळू हरले. या निकालामुळं पुढं त्यांच्या नावावर सावली पडली, असं मला वाटतं. दलित चळवळीच्या आठवणीत ते आंबेडकरांचे विरोधक म्हणून राहिले, तर काँग्रेसला निवडणुकीनंतर त्यांची गरज उरली नाही. क्रिकेटचा इतिहास आपण कसोटी सामन्यांपासून मोजतो, आणि भारताची पहिली कसोटी 1932 ची. बाळू त्याच्या आधीच थांबलेले. म्हणजे तीन वह्या होत्या आणि तिन्हींत त्यांचं पान मागं पडलं. 4 जुलै 1955 ला ते वारले.

आता पुन्हा पाटीकडं येऊ. रस्ता त्यांच्या नावाचा आहे, हे चांगलंच आहे. पण पाटीवर ‘पी. बाळू’ एवढंच वाचून कुणाला काय कळणार? मुंबईतच वानखेडे स्टेडियमला लागून विनू मांकड मार्ग आहे. मांकड हे पगारी व्यावसायिक खेळाडू म्हणून इंग्लंडच्या लँकेशायर लीगमध्ये खेळायचे. तिथूनच 1952 मध्ये ऐन वेळी भारतीय संघात बोलावणं आलं आणि लॉर्ड्‌सवर त्यांनी 72 आणि 184 धावा केल्या, डावात पाच बळीही घेतले. त्यांच्या नावाची पाटी स्टेडियमच्या दारात असल्यानं सामन्याला जाणारा माणूस नाव आणि खेळ यांची गाठ आपोआप बांधतो. फेब्रुवारी 2025 मध्ये केरळातल्या कासरगोडला स्टेडियमच्या रस्त्याला सुनील गावसकरांचं नाव दिलं, तेव्हा तर गावसकर स्वतः हजर होते. पाटी कुणाची, हे विचारायची वेळच येत नाही. बाळूंच्या रस्त्याला अशी कुठलीच खूण नाही. जवळ मैदान नाही, नावात आडनाव नाही, गाव नाही.

अमेरिकेत बेसबॉलचा असाच एक माणूस होता, जॅकी रॉबिन्सन. तिथं काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये अनेक दशकं प्रवेश नव्हता. 15 एप्रिल 1947 ला रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि ती बंदी मोडली. त्या घटनेला पन्नास वर्षं झाली तेव्हा, 1997 मध्ये, न्यूयॉर्कनं ब्रुकलिन ते क्वीन्स जाणाऱ्या सुमारे 8 किलोमीटरच्या मोटाररस्त्याला त्याचं नाव दिलं. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याचा 42 हा क्रमांक त्याच वर्षी सगळ्या संघांनी मिळून बाजूला ठेवला. दर वर्षी 15 एप्रिलला सगळे खेळाडू 42 क्रमांकाचा शर्ट घालून उतरतात. लहान पोरगं बापाला विचारतं, आज सगळ्यांचा एकच नंबर कसा काय? मग बाप गोष्ट सांगतो. तिथं रस्ता आहेच, पण गोष्ट सांगायचा दिवसही ठरलेला आहे.

बाळू रॉबिन्सनच्या अर्धशतक आधी हे सगळं सोसून गेले. आपल्याकडं त्यांच्यासाठी फार खर्चाचं काही करायला नको. त्या पाटीवर पूर्ण नाव लिहा, ‘बाळू पालवणकर मार्ग’. खाली एक ओळ लिहा, ‘क्रिकेटपटू, 1876–1955, इंग्लंड दौऱ्यात 114 बळी’. मातीच्या भांड्यातल्या चहाची गोष्ट पाटीवर मावणार नाही. ती शिक्षकांनी, पालकांनी, क्रिकेटच्या प्रशिक्षकांनी सांगायची.

कुणी म्हणेल, तमिळनाडूत आद्याक्षर जात पुसण्यासाठी आलं, मग तुम्ही बाळूंचं आडनाव परत का मागता? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं. स्वतःच्या नावामागचा मोठेपणा ज्यानं आपण होऊन सोडला, त्याचं आद्याक्षर हा त्याचा निर्णय असतो, त्याला नमस्कार. पालवणकर हे नाव जात सांगत नाही, गाव सांगतं. त्या गावाच्या नावानं चार भाऊ मैदानात उतरले आणि ते नाव धावफलकावर एका अक्षरापुरतं उरलं. ते आपण पूर्ण लिहिलं तर कुणाचा मान कमी होत नाही, उलट एका घराला त्याचा मान परत मिळतो.

आणि रस्त्याचा सन्मान आणि कर्णधारपद यांची सरमिसळ करू नका. माणूस जिवंत असताना, खेळत असताना, त्याच्या हक्काची जागा त्याला देणं हा एक सन्मान. तो गेल्यावर रस्त्याला नाव देणं हा दुसरा. दुसरा सोपा असतो, कारण तेव्हा कुणाला खुर्ची सोडावी लागत नाही. पुढच्या वेळी तुमच्या नगरपालिकेत एखाद्या खेळाडूचं नाव रस्त्याला द्यायचा ठराव आला तर जरूर पाठिंबा द्या. पण त्याच दिवशी तुमच्या शाळेच्या, क्लबाच्या संघाकडंही एकदा बघा. रोलर कोण फिरवतंय, बॅट कुणाच्या हातात आहे, आणि कर्णधार कोण ठरवतंय?

तुमच्या गावात खेळाडूच्या नावाचा रस्ता असेल, मग ते गाव बेळगावकडचं असो, बडोद्याचं, इंदूरचं की इथलं तंजावरचं, तर तो माणूस कोण होता हे शोधून मला लिहून कळवा. फक्त पत्ता नको, माणूस कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.